नीरोवरचा खोटा आळ



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामात घरोघरी प्रभू येशूच्या जीवनावरील मालिका पाहिल्या जातात. पूर्वी केबलवर लागतील तेव्हा पाहायच्या, मग सीडी आल्या, आता मोबाइलवर हव्या तेव्हा मिळतात. त्या पाहता पाहता आपल्या तरुणांना रोमन काळाची गोडी लागते आणि सीझर, नीरो, स्पार्टाकस यांच्यावरच्या मालिकांकडेही ही मुले वळतात. मग रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर प्रश्न येतो, "फादर, हे सगळे खरेच असे घडले होते का?"

प्रश्न चांगला आहे. मात्र विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तलवारी, रथ आणि शिरस्त्राणे असतात. त्या बाबतीत उत्तर देणे फारसे कठीण नाही, कारण मालिकावाल्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. सैनिक हात ताठ पुढे करून सम्राटाला सलाम करतात. अशा सलामीचे वर्णन कोणत्याही रोमन लेखकाने केलेले नाही. ती आली आहे दाव्हीद नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या १७८४ सालच्या एका चित्रावरून, आणि पुढे नाटक-सिनेमांनी ती उचलली. हरलेल्या ग्लॅडिएटरला मारायचे असेल तर प्रेक्षक अंगठा खाली करतात, हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जुन्या लेखनात अंगठा 'वळवण्याचा' उल्लेख आहे, पण कोणत्या बाजूला, ते कोणीच लिहून ठेवलेले नाही. जेरोम या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने १८७२ मध्ये तो खाली वळवला आणि तेव्हापासून तो खालीच राहिला. पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे, तेही तसेच. ते पुतळे मुळात रंगवलेले असत, आपल्या चर्चमधील संतांच्या मूर्तींसारखे. रंग काळाच्या ओघात उडाला आणि रोम 'पांढरे' झाले.

अशा चुका काढण्यात एक प्रकारची मजा असते. पण त्यात फार वेळ घालवावा असे आम्हांला वाटत नाही. आपल्याकडे गुड फ्रायडेच्या आधी युवक मंडळ प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवते, तेव्हा पुठ्ठ्याची शिरस्त्राणे, त्यांवर लाल पिसे आणि चंदेरी कागदाची चिलखते तयार होतात. इतिहासाच्या दृष्टीने ते बरोबर नाही. पिलाताच्या काळी यहूदीयात रोमन नागरिकांची लीजन तैनात नव्हती. त्या लीजन शेजारच्या सीरियात होत्या. पिलाताच्या हाताखाली असत ते साहाय्यक शिपाई, बहुतेक जवळच्याच सबास्ते आणि कैसरिया या शहरांकडून भरती केलेले. प्रभूला क्रूसावर खिळणारे हात इटलीतल्या माणसांचे असण्याचा संभव कमीच. इतकेच काय, आपल्या मराठी बायबलने पिलाताला 'सुभेदार' म्हटले आहे! रोमन अधिकाऱ्याच्या डोक्यावर भाषांतरकाराने मराठमोळी पगडी ठेवली, आणि आपल्या वाडवडिलांना त्याचा अधिकार नेमका केवढा ते एका शब्दात कळले. कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेल्या शिलालेखावर त्याचे पद 'प्रीफेक्ट' असे कोरलेले आहे. म्हणून 'सुभेदार' हे असत्य ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. शिरस्त्राणांच्या चुका ही फार तर क्षम्य पापे आहेत.

मग घोर पाप कोणते, हा खरा प्रश्न.

काही लोक म्हणतील की मालिका ही मुळातच कल्पित कथा, तिला पापपुण्य कसले? या म्हणण्याला वजन आहे. अॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील ग्रंथात फरक करून ठेवला आहे की इतिहासकार घडलेले सांगतो आणि कवी घडू शकेल असे सांगतो. आणि त्याच्या मते कवीचे काम अधिक तत्त्वज्ञानाच्या जवळचे आहे. आपले संत ऑगस्टीन तर आणखी पुढे गेले. रोशियस नावाच्या एका प्रसिद्ध रोमन नटाचे उदाहरण घेऊन ते म्हणतात की रंगमंचावर हा माणूस हेकुबा राणी होतो, म्हणजे खोटी हेकुबा होतो. पण तो खोटी हेकुबा झाला नाही, तर खरा नटही होणार नाही. त्याच्या खरेपणासाठी त्याचे खोटे असणे आवश्यक आहे. पुढे असत्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिताना त्यांनी थट्टामस्करीला असत्यातून वगळले, कारण ऐकणाऱ्याला ती थट्टा आहे हे ठाऊक असते. असत्याला फसवण्याचा हेतू लागतो. सेमिनरीत हे शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना फार बरे वाटले होते. निदान नाटके पाहण्याची वाट तरी मोकळी झाली.

या कसोटीवर एक मालिका घासून पाहू. एचबीओ आणि बीबीसी यांनी मिळून 'रोम' नावाची मालिका काढली, २००५ ते २००७ या काळात तिचे २२ भाग झाले. (ती घरात सर्वांनी मिळून पाहण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) तिचे दोन नायक, वोरेनस आणि पुलो हे शिपाईगडी. ही नावे बनावट नाहीत. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धावर जे पुस्तक लिहिले त्याच्या पाचव्या भागात या दोन शताधिपतींचा उल्लेख आहे: बढतीसाठी एकमेकांशी चुरस करणारे, आणि ख्रिस्तपूर्व ५४ मध्ये छावणीला वेढा पडला असता एकमेकांचे प्राण वाचवणारे. त्या प्रसंगापलीकडे त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच माहीत नाही. मालिकेच्या लेखकांनी त्या मोकळ्या जागेत संसार उभा केला, बायका-मुले, कर्ज, भांडणे, देवघर. साध्या माणसाच्या नजरेतून एक राज्यव्यवस्था कोसळताना दिसते. पुलोला शताधिपतीवरून साधा शिपाई केला आहे, पण त्यात कोणाचे काय गेले? इथे अॅरिस्टॉटलही खूश झाला असता.

या मालिकेतील रस्तेही पाहण्यासारखे आहेत. भिंतींवर रंग आणि खरडलेली चित्रे, गल्लीत चिखल, घरात कुलदैवतांपुढे दिवा, बाजारात गर्दी. जुन्या सिनेमातले धुतल्यासारखे रोम इथे नाही. आमची तक्रार असलीच तर एवढीच की रोमच्या बाजाराला माल कुठून येतो याचा पत्ता अशा मालिकांत क्वचितच लागतो. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने समुद्री व्यापाराची वाटाडी-पोथी लिहून ठेवली, तिच्यात आपल्या सोपाऱ्याचे, कल्याणचे आणि चौलचे नाव आहे. भारताकडे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्सेस वाहून जातात अशी कुरकुर प्लिनीने त्याच शतकात केली. तलवारींच्या खणखणाटात मिरी आणि मलमल यांची आठवण कोणाला राहणार!

पण आपण सोपाऱ्याहून पुन्हा रोमला जाऊ, कारण या मालिकेतील एका बाईकडे पाहायचे आहे. तिचे नाव आटिया. ती ऑगस्टस सम्राटाची आई. मालिकेत ती कारस्थानी, व्यभिचारी, सूड घेण्यासाठी माणसांचा छळ करवणारी अशी आहे. प्रत्यक्षातील आटियाविषयी जे थोडे लिहिलेले सापडते, ते अगदी उलट आहे. मुलांना शिस्तीने आणि जातीने लक्ष घालून वाढवणाऱ्या मातांची उदाहरणे देताना टॅसिटस हा इतिहासकार तिचे नाव घेतो, ग्राखस बंधूंच्या आईच्या आणि सीझरच्या आईच्या बरोबरीने. तिचा पती फिलिपस मालिकेत दिसतच नाही. आणि ख्रिस्तपूर्व ४३ मध्येच वारलेल्या या स्त्रीला मालिकेने ख्रिस्तपूर्व २९ पर्यंत जिवंत ठेवले आहे. एका चांगल्या आईचे नाव घेऊन तिच्या जागी दुसरीच बाई उभी केली.

इथे संत ऑगस्टीनची कसोटी आम्हांला अपुरी वाटू लागते. रोशियस हेकुबा झाला तेव्हा समोरच्या सर्वांना ठाऊक होते की हा पुरुष आहे, आणि हेकुबा ही पुराणातली राणी आहे. 'रोम' पाहणाऱ्याला काय ठाऊक असते? त्याला दिसते की भिंती खऱ्यासारख्या आहेत, देवघर खरे, चिखल खरा, सीझरचा खून झाला ती तारीख खरी. म्हणून तो समजतो की आटियाही खरी. तपशिलांचा खरेपणा इथे जामीन राहतो आणि त्या जामिनावर एक खोटी साक्ष सुटते. मालिका जितकी अचूक, तितका हा धोका मोठा. पुठ्ठ्याच्या शिरस्त्राणाने कोणी फसत नाही.

याहून जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीबीसीची 'आय, क्लॉडियस' ही १९७६ ची मालिका. रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९३४-३५ मधील दोन कादंबऱ्यांवर ती आधारली होती. सगळी स्टुडिओत चित्रित झाली. खेळांचे दृश्य आले तरी आखाडा दिसत नाही, फक्त गर्दीचा आवाज ऐकू येतो. अभिनय मात्र असा, की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. या मालिकेत ऑगस्टसची पत्नी लिव्हिया एकामागून एक वारसांना संपवते आणि शेवटी अंजिरांना विष लावून नवऱ्यालाही मारते.

आता पुरावा काय आहे तो पाहा. ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला, वय पंचाहत्तरच्या पुढे. सुटोनियसने लिहिलेल्या चरित्रात तो लिव्हियाच्या कुशीत शांतपणे प्राण सोडतो. विषाचे नाव नाही. टॅसिटस एवढेच म्हणतो की काहींना पत्नीचा संशय आला. अंजिरांची गोष्ट डिओ कॅसियस सांगतो, दोनशे वर्षांनंतर, आणि तोही ऐकीव म्हणून. तिने मारल्याचे म्हटले जाते त्या नातवांपैकी लूशियस आजच्या फ्रान्समधील मार्सेयला वारला आणि गायस आर्मेनियात झालेल्या जखमेने, परतीच्या वाटेवर. लिव्हिया तेव्हा त्यांच्यापासून शेकडो कोस दूर होती. ही साक्ष घेऊन आपल्या वसईच्या कोर्टात कोणी उभा राहिला असता, तर न्यायाधीशांनी त्याला चहापाण्याच्या सुट्टीआधीच घरी पाठवले असते. पण टीव्हीच्या कोर्टात शिक्षा लागली, आणि जगभर लक्षावधी लोकांच्या मनात लिव्हिया म्हणजे विष देणारी सासू-आजी अशीच ठसली. २०२१ मध्ये 'डोमिना' नावाची दुसरी मालिका आली, तीत हीच लिव्हिया नायिका झाली, कर्तबगार आणि मुत्सद्दी. दोन्ही मालिकांतून रोमबद्दल कळते त्याहून अधिक १९७६ आणि २०२१ या सालांतल्या लोकांबद्दल कळते, असे कोणी म्हटले तर आम्ही मान डोलावू.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दोष एकट्या टीव्हीचा नाही. कुजबूज लिहून ठेवायची, तिच्यावर विश्वास असल्याचे सांगायचे नाही, आणि तरी ती वाचकाच्या मनात सोडून द्यायची, ही कला टॅसिटसला चांगली साधली होती. गावच्या नाक्यावरही ती कित्येकांना साधलेली असते. "मी काही म्हणत नाही हां, पण लोक म्हणतात..."

यावर आमचा एखादा तरुण विचारेल, "फादर, या बायका दोन हजार वर्षांपूर्वी मेल्या. त्यांचे नातेवाईक नाहीत, वारस नाहीत, त्या ख्रिस्तीही नव्हत्या. त्यांच्याविषयी खोटे सांगितले तर नुकसान कोणाचे?"

हा आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी आहे. मेलेला माणूस शेजारी होतो का? तत्त्वज्ञानात यावर वाद आहे. कोणी म्हणतात की जो नाही त्याला इजा होऊ शकत नाही. अॅरिस्टॉटललाही हा प्रश्न पडला होता, आणि मेलेल्यांना वंशजांच्या सुखदुःखाचा स्पर्श थोडाफार होत असावा, असे काहीसे अडखळत उत्तर त्याने दिले. आम्हां ख्रिस्ती लोकांना इतके अडखळण्याची गरज नाही. नोव्हेंबरात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, मिस्सात मृतांची नावे घेतो. मेलेली व्यक्ती आमच्या दृष्टीने संपलेली नसते. ती देवासमोर असते, आणि तिचे नाव तिचेच असते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीने या आज्ञेखाली उतावीळ निवाडा, दुसऱ्याचे दोष विनाकारण उघड करणे आणि खोटी बदनामी, असे तीन वेगवेगळे दोष सांगितले आहेत. त्यांत मृतांना सूट दिलेली आमच्या वाचनात नाही. उलट जिवंत माणूस निदान उठून "हे खोटे आहे" असे म्हणू शकतो.

आता नीरोकडे येऊ, कारण हा विचार खऱ्या अर्थाने पेलतो की नाही ते तिथे कळते. आटियाची बाजू घेणे सोपे आहे. नीरोची कोण घेणार?

'क्वो वादिस' ही सिएन्किएविच यांची कादंबरी १८९५-९६ मध्ये आली, तिच्यावर १९५१ मध्ये गाजलेला चित्रपट आणि १९८५ मध्ये इटालियन टीव्ही मालिका निघाली. लोकांच्या मनातला नीरो तिथून आलेला आहे: रोमला आग लावणारा, आणि ती जळताना वाद्य छेडत गाणारा. (फिडल तर तेव्हा जगात नव्हतेच.) टॅसिटस काय सांगतो? इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. तो परत आला. बेघर झालेल्यांसाठी त्याने सार्वजनिक इमारती आणि स्वतःच्या बागा खुल्या केल्या, बाहेरून धान्य आणवले, त्याचा भाव उतरवला. शहराच्या १४ विभागांपैकी ३ भुईसपाट झाले, ७ मध्ये मोडके अवशेष उरले, फक्त ४ वाचले. आग अपघाताने लागली की सम्राटाच्या कपटाने, हे टॅसिटस ठरवू शकला नाही, आणि गाण्याच्या गोष्टीला त्याने अफवा म्हटले. सुटोनियस व डिओ यांनी मात्र नीरोला सरळ दोषी धरले. आजचे बहुतेक इतिहासकार अपघाताकडे झुकतात.

पुढचा भाग आपल्या परिचयाचा आहे. अफवा शमेना, तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांना पुढे केले. काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडले, काहींना क्रूसावर खिळले, काहींना रात्री दिव्यांसारखे जाळले. नीरोच्याच काळात संत पेत्र आणि संत पौल रोममध्ये रक्तसाक्षी झाले, अशी आपली परंपरा आहे. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिळमात्र प्रेम नव्हते, तरी ते लोकहितासाठी नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्यापायी मारले जात आहेत अशी लोकांची भावना झाली, हे त्याने नमूद केले.

म्हणजे नीरोचा अपराध नेमका काय? ज्यांनी आग लावली नव्हती त्यांच्यावर आगीचा आळ घेतला. आणि आपण मालिका पाहताना काय करतो? ज्याने आग लावल्याचे सिद्ध झालेले नाही, त्याच्यावर आगीचा आळ घेतो आणि समाधानाने पाहत बसतो, कारण तो आपला शत्रू. त्याने केलेली दुष्कृत्ये मोजायला हाताची बोटे पुरायची नाहीत. आईचा खून त्यांतच येतो. त्याला दोषी ठरवण्यासाठी एका आगीची भर घालण्याची काहीच गरज नाही. पण शत्रूविषयी थोडे जास्त खोटे चालते, असा आपला एक अलिखित नियम असतो. शेताच्या बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याविषयी बोलताना तोच नियम आपण वापरतो, निवडणुकीत वापरतो. आमच्या मते नीरोची बाजू ख्रिस्ती माणसाने मांडली पाहिजे. इतर कोणी मांडली तर ती विद्वत्ता होईल. ज्यांचे पूर्वज खोट्या आळाखाली जळाले, त्यांनी मांडली तर तिला वेगळा अर्थ येतो.

आपल्या स्वतःच्या बाजूच्या खोट्याविषयीही बोलायला हवे. नीरोच्या काळचे ख्रिस्ती कोलोसियममध्ये सिंहांपुढे टाकले गेले, असे अनेकांना वाटते. कोलोसियम तेव्हा नव्हते. ते नीरोनंतर वेस्पासियनने बांधायला घेतले आणि इ. स. ८० मध्ये तीतसने त्याचे उद्घाटन केले. नीरोच्या छळाची जागा म्हणजे त्याच्या बागा आणि सर्कस, आजच्या व्हॅटिकनच्या भूमीवर. पुढील काळातही कोलोसियममध्ये ख्रिस्ती लोक मारले गेल्याचा निश्चित पुरावा हाती लागलेला नाही, आणि हे कोणा नास्तिकाने नव्हे, तर दलेहे या येशूसंघीय धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. ते बोलांडिस्ट मंडळाचे. हे मंडळ १६४३ पासून संतांची चरित्रे छापत आणि त्यांतील दंतकथा वेगळ्या काढत आले आहे. श्रद्धेला त्याने धक्का लागला का? पोपमहाशयांच्या उपस्थितीत गुड फ्रायडेला तिथे क्रूसाची वाट होते ती होतेच. रक्तसाक्षी होतेच, फक्त जागा दुसरी होती.

याच कोलोसियमची आणखी एक गोष्ट आहे, ती मालिकांत येत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथे दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक होत असे. १५३९ मध्ये, पोप पॉल तिसरे यांच्या काळात, ते बंद झाले. नाटक पाहून पेटलेल्या प्रेक्षकांनी रोममधील यहुद्यांवर हल्ले केले होते. रोमन काळावरचे एक नाटक, आणि जिवंत माणसांची फुटलेली डोकी. मेलेल्यांविषयीच्या खोट्याने नुकसान कोणाचे, असे विचारणाऱ्या तरुणाला आम्ही हेच उत्तर देऊ. जर्मनीतील ओबरामरगाव गावात १६३४ पासून असे नाटक होते. १९३४ मध्ये हिटलर तिथे प्रेक्षक म्हणून आला आणि ते त्याला आवडले. युद्धानंतर, विशेषतः गेल्या काही दशकांत, त्या गावाने आपली संहिता पुष्कळ बदलली आहे.

अशा नाटकांत एक जुनी खोड आढळते. पिलात जितका हळवा आणि विचारी करावा, तितका यहुद्यांचा जमाव काळा होत जातो. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने तर पिलाताला संतांच्या यादीत घेतले. पण योसेफस आणि फिलो या त्या काळच्या यहुदी लेखकांचा पिलात दांडगा आणि निष्ठुर आहे, इ. स. ३६ च्या सुमारास शोमरोनी लोकांची कत्तल केल्यानंतर त्याला परत बोलावण्यात आले. संत लूकच्या शुभवर्तमानातही त्याने गालिलकरांचे रक्त सांडल्याचा उल्लेख आहे. क्रूसाची शिक्षा रोमन होती आणि हुकूम रोमन अधिकाऱ्याचा होता. दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण नाव घेतो ते पिलाताचेच.

म्हणून झेफिरेल्ली यांच्या 'जीझस ऑफ नाझरेथ' या १९७७ च्या मालिकेबद्दल आम्हांला आदर वाटतो. त्यांनी झेरा नावाचे एक पात्र घातले. हा शास्त्री शुभवर्तमानांत कुठेच नाही. तो सर्वस्वी काल्पनिक आहे. कट पुढे रेटण्याचे बरेचसे काम मालिकेने त्याच्याकडे दिले. त्याआधी बारा वर्षे, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले होते की प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर, तेव्हाच्या वा आताच्या, लादता येत नाही. झेरा कधी जन्मलाच नाही, त्यामुळे त्याची बदनामी होऊ शकत नाही, आणि त्याच्यामुळे खऱ्या माणसांच्या खांद्यावरचे ओझे हलके झाले. इथे लेखकाने बेधडक इतिहासाबाहेरचे रचले, आणि 'रोम'च्या अचूक भिंतींपेक्षा हे आम्हांला सत्याच्या अधिक जवळचे वाटते.

'द चोझन' या अलीकडच्या मालिकेने वेगळी वाट धरली. २०१९ च्या पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच पडद्यावर सांगितले की काही पात्रे, संवाद आणि पूर्वकथा आम्ही घातल्या आहेत, आणि प्रेक्षकांनी शुभवर्तमाने वाचावीत. कफर्णहूममधली रोमन छावणी त्या घातलेल्यांपैकीच. गालिलवर तेव्हा हेरोद अंतिपाची सत्ता होती आणि मत्तय जकात गोळा करत होता ती त्याच्यासाठी. पण आधी सांगून घातलेले पात्र हे ऑगस्टीनच्या रोशियससारखे आहे. मुखवटा आहे, आणि तो मुखवटा असल्याचे दिसते.

यंदाच्या नाटकाच्या तालमी झावळ्यांच्या रविवारच्या दोन आठवडे आधी सुरू होतील. युवक मंडळाशी आमचे बोलणे झाले आहे. संहितेत 'यहुदी ओरडतात' असे जिथे जिथे असेल तिथे 'जमावातील काहीजण' असे करायचे, आणि तो जमाव सभागृहाच्या मागच्या दाराने, प्रेक्षकांमधूनच पुढे आणायचा. पिलात हात धुतो त्या प्रसंगी मागे लावायचे उदास संगीत काढून टाकायचे. सुरुवातीला निवेदकाने दोन वाक्यांत सांगायचे की वेरोनिकेचा प्रसंग परंपरेतून घेतला आहे, शुभवर्तमानातून नाही. शिरस्त्राणे पुठ्ठ्याचीच राहतील. लाल पिसे मात्र गेल्या वर्षी पावसात भिजून गेली, ती नवी आणावी लागतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात आणून द्यावीत.